एकशे बेचाळीस पावलं

मोजून सांगतो: ग्रेडिंगच्या टेबलापासून
शीतगृहाच्या दारापर्यंत
एकशे बेचाळीस पावलं.
पाऊस असला की एकशे साठ,
कारण जेटीच्या बाजूला पाणी तुंबतं
आणि जनरेटरच्या खोलीला वळसा पडतो.

मध्ये खरं तर एकच भिंत. जांभ्याची.
अलीकडे इंदुमती नागवेकर आणि तिच्या बावीस बाया
कोळंबी निवडतायत, बोटं पाण्याने पांढरी, सुरकुतलेली.
पलीकडे निजाम सोलकर, दोन कानटोप्या घालून,
उणे अठरात.
साखरी नाट्याच्या या कारखान्यात अकरा वर्षं दोघं;
एकमेकांची तोंडं पाहिली ती पगाराच्या रांगेत.

मधला मी.
पांढरी चिठ्ठी ग्रेडिंगची, गुलाबी तपासणीची,
पिवळी स्टोअरची, बर्फासाठी.
पिवळीवर पावसकरांची सही लागायची
आणि पावसकर एक ते अडीच
खाडीपलीकडे जेवायला.

कोळंबीला सही कळत नाही.
तिचं डोकं काळं पडायला लागतं, बस.
मग तपासणीच्या खोबरेकर मॅडम लिहायच्या: विलंब, ग्रेडिंग.
ग्रेडिंग लिहायचं: बर्फ नाही, स्टोअर.
स्टोअर लिहायचं: चिठ्ठी उशिरा, शिपाई.
शिपाई म्हणजे मी.
मला लिहायला वही नव्हती.

चैत्रात अख्खा कंटेनर परत आला.
मग मुंबईहून दोन तरुण आले, लॅपटॉप घेऊन,
पडद्यावर चौकोन काढले, चौकोनांना बाण जोडले.
चहा मीच दिला.
बाणांकडे बघून मनात म्हटलं,
हे सगळे बाण माझे पाय आहेत,
यांची टाच जून महिन्यात कुजते.

सगळं ऐकून घेऊन इंदुमती म्हणाली,
"मी काय म्हणते, एवढं लिहायचं कशाला?
त्या भिंतीला भोक पाडा.
हाक मारली तरी ऐकू जाईल."
कोणीतरी हसलं. मग हसायचं थांबलं.

मासेमारी बंद होती त्या दिवसांत
राजापूरचा गवंडी आला, दोन दिवस चिरे कापत बसला.
पांढऱ्या लाद्यांवर लाल माती,
जणू कुणी भिंतीची नस कापली.
दोन फूट बाय दोन फूट. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा.

हंगाम उघडला. पहिलं टब भरलं.
इंदुमतीने पट्ट्या बाजूला केल्या, तोंड आत घातलं:
"निजामभाऊ, बर्फ!"
आणि बर्फ आला.
पावसकर आता संध्याकाळी सह्या करतात, एका बैठकीत सत्तर,
आणि दुपारी निवांत जेवतात.

पण एक गोष्ट बाणांत नव्हती.
इंदुमती म्हणायची, "त्या मेल्याला सांग, झोपलाय काय!"
मी पलीकडे जाऊन सांगायचो, "ताई विचारतायत, किती वेळ?"
निजाम म्हणायचा, "तिला म्हणावं, माझी बोटं गळली की पाठवतो."
मी येऊन सांगायचो, "आलाच."
एकशे बेचाळीस पावलांत
शिवीचं पाणी होऊन जायचं.
त्याच्या मुलीच्या साखरपुड्याची मिठाई मीच इकडे आणली,
हिच्या नवऱ्याचं ऑपरेशन मीच तिकडे कळवलं.
कुठल्याच रंगाच्या चिठ्ठीवर नव्हतं ते.

पहिला आठवडा खिडकीतून नुसती भांडणं.
थेट, ताजी, बर्फात ठेवल्यासारखी.
दहाव्या दिवशी निजामने त्या भोकातून
वाफाळता पेला सरकवला.
आता बाया त्याला चिडवतात.
माल परत आलेला नाही अजून. चांगलंच झालं.
वाईट झालं असं मी कुठे म्हणतोय?

मला टब मोजायला बसवलंय, खुर्चीवर. वहीसुद्धा दिलीय.

परवा पट्ट्या बदलायच्या होत्या, खिडकी बंद,
तर साहेब म्हणाले, "जरा जाऊन सांगून ये."
निघालो. जनरेटर, नळ, कुत्रं झोपतं तो कोपरा,
दार.
एकशे अडतीस.
चार कुठे गेली?
हातात काही नसलं
की माणूस लांब ढांगा टाकतो बहुतेक.